मेंदी आणि गोंदण

विडी कामगार बायांचे अर्ज भरून देण्यात आमची पंचवीसएक वर्षे गेली. अर्जात 'ओळखीची खूण' असा एक रकाना असे. तेथे 'हनुवटीवर गोंदण', 'मनगटावर नाव गोंदलेले' असे आम्ही कितीदा तरी लिहिले; 'हातावर मेंदी' असे एकदाही लिहिले नाही. दोन्ही लेणी कातडीवरचीच. मग हा भेद का?

आधी कृती पाहू. मेंदीच्या पाल्यातला रंग कातडीच्या वरच्या निर्जीव थरात मुरतो. तो थर झिजतो, तसा दोनतीन आठवड्यांत रंगही जातो. गोंदणारीण मात्र सुईने काजळी त्या थराखाली, जिवंत कातडीत उतरवते. म्हणून रक्त येते, आणि म्हणूनच खूण जन्मभर टिकते.

विधींतला भेद यातूनच निघतो. मेंदी ही प्रसंगाची. नागपंचमी, ईद, लग्न. सण सरला की तिने जावे, पुढच्या सणाला पुन्हा यावे. गोंदण एकदाच होते आणि माणूस कोणत्या कुळाचे, कोणत्या जमातीचे हे ते सांगत राहते. मध्य प्रदेशातील बैगा मुलींच्या कपाळावर ते लहानपणीच गोंदण्याची चाल आहे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणत, दागिने घरीच राहतात, सरणावर सोबत येते ते गोंदणच. इस्लामी धर्मशास्त्री मेंदीला संमती देतात. गोंदण मात्र त्यांतील बहुसंख्य निषिद्ध मानतात, कारण ते देह कायमचा बदलते.

जे पुसता येत नाही, त्याचा आधारही मोठा असतो. रूढीने विधवेची मेंदी बंद केली, कुंकू पुसले. आमचे वडील गेले तेव्हा आईचेही पुसले. पण तिच्या कपाळावरचा गोंदलेला हिरवा ठिपका कोणाला काढता आला नाही. त्या दिवसापासून आम्ही गोंदणाला अडाणीपणा म्हणणे सोडले.

मात्र हीच सुई सत्तेच्या हाती गेली की काय होते, तेही पाहा. कंपनी सरकारच्या बंगालमध्ये १७९७ च्या नियमाने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदला जाई. ही चाल १८४९ साली बंद झाली. उलट छत्तीसगडातील रामनामी पंथाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रामनाम अंगावर गोंदवून घेतले. अस्पृश्य म्हणून ज्यांना देवळाचे दार बंद होते, त्यांनी देहाचेच देऊळ केले. सुई तीच, एकीकडे ती लादलेली, दुसरीकडे स्वतः मागून घेतलेली.

आज तरुण मुले हौसेने गोंदवून घेतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की सुई नवी व निर्जंतुक आहे ना, हे आधी पाहा. लष्करभरतीत गोंदणावर निर्बंध असतात, तेही विचारून घ्या. मेंदीही आंधळेपणाने लावू नका. झटपट काळी होणाऱ्या मेंदीत केसांच्या कलपातले रसायन मिसळलेले असू शकते. त्याने कातडीवर फोड येतात, आणि कधी त्यांचे वण मागे राहतात.

मेंदी चुकली तर पंधरवड्यात माफ होते, गोंदणाला माफी नाही. म्हणून सुईपुढे हात करण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे, की ही खूण आपण मागतो आहोत, की दुसरा कोणी आपल्यावर उमटवतो आहे?