निवडणुकीविना घडलेले राजकारणी : नाना शंकरशेट

अकलोली (ता. भिवंडी) : तानसा नदीकाठच्या अकलोलीतील गरम पाण्याच्या कुंडांकडे निघालेले अनेक मुंबईकर ठाण्यापर्यंत रेल्वेने येतात आणि पुढे भिवंडीमार्गे रस्ता धरतात. बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी प्रथम धावली. ती चालविणाऱ्या 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे'च्या पहिल्या भारतीय संचालकांत ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे जगन्नाथ शंकरशेट होते. नानांची ही ओळख सर्वपरिचित आहे. मात्र, सामान्य माणसाला मताचा अधिकारच नसलेल्या काळात त्यांनी केलेले राजकारण तुलनेने दुर्लक्षित राहिले.

मुरकुटे घराण्यात १० फेब्रुवारी १८०३ रोजी नानांचा जन्म झाला. वडिलोपार्जित व्यापार आणि संपत्ती हाती असल्याने मुंबईच्या सार्वजनिक जीवनात त्यांना लवकर स्थान मिळाले. शिक्षणसंस्थांच्या उभारणीत ते अग्रभागी होते. मुलींच्या शिक्षणाला कडवा विरोध असताना १८४९ मध्ये त्यांनी गिरगावातील आपल्या जागेत मुलींची शाळा भरू दिली.

राजकारणातील त्यांचे मोठे पाऊल म्हणजे 'बॉम्बे असोसिएशन'. २६ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेचे ते अध्यक्ष होते, तर डॉ. भाऊ दाजी लाड चिटणीस. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण जवळ आले होते. ही संधी साधून संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठविला आणि कारभारात भारतीयांना वाटा मागितला. १८५३ च्या कायद्याने विधिमंडळाची नवी रचना केली. पण त्यात एकाही भारतीयाला स्थान मिळाले नाही. ते दार १८६१ च्या कायद्याने किलकिले झाले आणि १८६२ मध्ये मुंबई विधिमंडळाच्या पहिल्या भारतीय सदस्यांत नानांची नियुक्ती झाली.

या सदस्यत्वाच्या मर्यादा स्पष्ट होत्या. सदस्यांची नेमणूक गव्हर्नर करीत असे. समोर आलेल्या विधेयकावर बोलता येई. पण प्रशासनाला प्रश्न विचारण्याची किंवा अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची मुभा नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने मिळाली. त्याच काळात अमेरिकेत अब्राहम लिंकन १८६० मध्ये निवडणूक जिंकून अध्यक्ष झाले. अर्थात तेथेही गुलाम आणि स्त्रिया मताधिकारापासून वंचितच होत्या. लिंकन यांची एप्रिल १८६५ मध्ये हत्या झाली. नानांचे निधन त्याच वर्षी ३१ जुलै रोजी झाले. एकाच्या मागे मतदार होते. दुसऱ्याकडे अर्ज, सभा आणि स्वतःची प्रतिष्ठा एवढीच साधने होती.

या पद्धतीची उणीवही लपत नाही. नेमणूक होई ती धनिकांची आणि प्रतिष्ठितांची. अकलोलीसारख्या गावातील शेतकरी वा आदिवासी यांचा आवाज विधिमंडळात पोहोचण्याचा मार्ग नव्हता. १८७२ च्या कायद्याने मुंबई महापालिकेसाठी मताधिकार आला, तोही मोजक्या करदात्यांपुरता. प्रत्येक प्रौढाला मत मिळण्यासाठी १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक उजाडावी लागली.

मुंबईतील नाना चौक आजही त्यांची आठवण जपतो. मात्र, राज्यकर्त्यांकडे कारभारातील वाटा हक्काने मागण्याची सवय, हा त्यांचा वारसा कोणत्याही चौकापेक्षा मोठा आहे.