मोहरीच्या काड्यांची ऊब जयपूरच्या घरांपासून दूरच

जानेवारीत जयपूरचे रात्रीचे तापमान सरासरी 8 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अशा वेळी अनेक घरांत कोळशाची शेगडी पेटविली जाते. बंद खोलीत तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला वायू झोपेतच प्राण घेऊ शकतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा दुर्घटना घडतात.

युरोपातील थंड देशांत घरे तापविण्यासाठी लाकडी पेलेट वापरले जातात. लाकडाचा भुसा वाळवून प्रचंड दाबाने साच्याच्या छिद्रांतून ढकलला जातो. घर्षणाच्या उष्णतेने लाकडातील लिग्निन मऊ होऊन डिंकाचे काम करते आणि 6 ते 8 मिलिमीटर जाडीच्या कांड्या तयार होतात. अशा 2 किलो पेलेटमधून साधारण 1 लिटर खनिज तेलाएवढी उष्णता मिळते.

राजस्थानात याला पर्याय आहे तो मोहरीचा. देशात सर्वाधिक मोहरी याच राज्यात पिकते. मळणीनंतर उरणाऱ्या काड्या व टरफलांना तेथे ‘तुडी’ म्हणतात. वाढताना पिकाने हवेतून घेतलेला कार्बनच ती जळताना परत सोडते आणि पुढील हंगामात पीक पुन्हा उभे राहते. म्हणून हे इंधन नवीकरणीय मानले जाते. मात्र तुडीला गिऱ्हाईक आधीच आहे. ती वीटभट्ट्यांत जाते. टोंक जिल्ह्यातील उणियारा येथे तिच्यावर चालणारा वीजप्रकल्पही उभारण्यात आला. ऊर्जा मंत्रालयाच्या 2021 च्या धोरणानुसार औष्णिक वीज केंद्रांना कोळशात पेलेट मिसळावे लागतात. जयपूरला लागून असलेला अलवर जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. तेथील उद्योगांना 1 जानेवारी 2023 पासून कोळसा वर्ज्य झाल्याने जैवइंधनाची गरज वाढली आहे.

घरगुती वापरातील खरी अडचण ऋतुचक्राची आहे. मोहरी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, थंडी डिसेंबरात येते आणि मधे पावसाळा असतो. ओल लागलेले पेलेट फुगून त्यांचा पुन्हा भुसा होतो. शिवाय शेतातील काडीकचऱ्याची राख लाकडापेक्षा अधिक असते. तिच्यातील पोटॅशियममुळे ती वितळून चुलीत ढेकळे धरते.

नेहमीच्या शेगडीत पेलेट जाळल्याने धोकाही टळत नाही. पेलेटच्या चुलीला विजेवर चालणारा पंखा आणि धूर घराबाहेर नेणारे धुराडे लागते. वर्षातील जेमतेम दोन महिन्यांच्या थंडीसाठी एवढा खर्च फारच थोडी कुटुंबे करतील. साठवणुकीतही सावधगिरी हवी. बंद कोठारातील लाकडी पेलेटमधून, काहीही न पेटविता, कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. युरोपात अशा कोठारांत शिरलेल्या व्यक्तींचे मृत्यू झाले आहेत.