मोत्याच्या भातावरचं तेल

आमच्या रत्नागिरीकडे कुत्र्यामांजरांसाठी वेगळं शिजवायची पद्धत नव्हती. उरलेला भात, माशाची डोकी आणि वरून कढईतलं राहिलेलं तेल. तेलाने अंगाला तकाकी येते, असं आजी म्हणायची. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मला आमच्या मोत्याने शिकवलं.

नारळी पौर्णिमा झाली, मासळी आली, घरी बांगडे तळले. दोन-तीनदा तापलेलं तेल टाकवेना, म्हणून मी ते सगळं मोत्याच्या भातावर ओतलं. रात्री उलट्या सुरू झाल्या. पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर करून तो कण्हत राहिला. पशुवैद्यांनी स्वादुपिंडाला सूज आल्याचं सांगितलं. दोन दिवस सलाइन लावलं, तेव्हा तो वाचला. चूक सर्वस्वी माझी.

एका वेळी खूप स्निग्ध पदार्थ पोटात गेले की कुत्र्याला हा त्रास होऊ शकतो. त्यातून तळणीचं तेल म्हणजे मीठ, तिखट, लसूण आणि जळका गाळ. कांदा-लसूण कुत्र्यामांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक असतो, म्हणून फोडणीही नको. माणसांच्या तळणीलासुद्धा १ जुलै २०१८ पासून कायद्याची मर्यादा आहे. तेलातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली, की ते वापरता येत नाही. आपण न खाण्याजोगं तेल मुक्या जिवाला का घालावं?

मग घालावं कोणतं? कुत्र्याच्या कातडीला लिनोलेइक आम्ल लागतं. ते खोबरेलात शंभरात जेमतेम दोन भाग असतं, शेंगदाणा तेलात तीसच्या आसपास, साध्या सूर्यफूल तेलात साधारण साठ, तर करडईत सत्तरच्या वर. म्हणजे घरचं खोबरेल कितीही शुद्ध असलं, तरी एकट्याने पुरत नाही. प्रमाणही थोडंच हवं. चहाचा एक चमचा तेल म्हणजे चाळीस कॅलरी. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सहाशेच्या आसपास कॅलरी लागतात, त्यात हा चमचा मोजूनच धरायचा.

मांजराचं गणित निराळं. त्याला वनस्पती तेलातून सगळी आम्लं तयार करता येत नाहीत, प्राणिज चरबी लागतेच. तारली, बांगडा बिनमिठाचा उकडून, काटे काढून आठवड्यातून एक-दोनदा द्यावा. रोज मात्र तेलकट मासळीच घालू नये. ई जीवनसत्त्व कमी पडून मांजराच्या अंगातल्या चरबीलाच सूज येते. माशाच्या यकृताचं तेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. त्यातलं अ जीवनसत्त्व अंगात साठत जातं.

आता साठवण. तेलाचे शत्रू चार: उजेड, उष्णता, हवा आणि पाणी. आपली बाटली नेमकी शेगडीशेजारच्या फळीवर, खिडकीच्या उजेडात असते. तिथून ती बंद फडताळात हलवा. बाटली लहान घ्या, गच्च झाकणाची, गडद काचेची. तांब्या-लोखंडाच्या भांड्यात तेल लवकर खवट होतं. ओला चमचा बुडवू नका. जुन्या तेलावर नवं ओतू नका, जुन्याचा खवटपणा नव्याला लागतो. जवसाचं आणि माशाचं तेल सर्वांत नाजूक, ते फ्रिजमध्येच ठेवा.

घाण्याचं तेल घेताना दाणे, खोबरं कसं होतं ते विचारा. आपल्या पावसाळी दमट हवेत त्यांना बुरशी धरते. त्या बुरशीचं विष न गाळलेल्या तेलात उतरू शकतं आणि कुत्र्याचं यकृत त्याला लवकर बळी पडतं.

परीक्षा सोपी आहे. दोन थेंब तळहातावर चोळून वास घ्या. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला, तर ते तेल दिव्यालाच ठेवा. मांजराने ताटली हुंगून पाठ फिरवली, तर ‘लाडावलंय’ म्हणण्याआधी बाटली हुंगून बघा.

मोत्या आता म्हातारा झालाय. भात कालवताना मी आधी बाटली हुंगते आणि मगच चमचा मोजते. तो शेजारी बसून शेपटी हलवत वाट बघतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)