तिघेच वाजवतात

फुटलेला बँड पुन्हा एकत्र आला की माझ्या मनात पहिला संशय पैशाचा येतो. तीच जुनी गाणी, महागडी तिकिटं आणि थकलेल्या हातांना झाकायला मागे चार-पाच भाडोत्री वादक. 'द पोलीस'च्या 'सर्टिफायेबल' या लाइव्ह अल्बममध्ये मात्र मागे कुणीच नाही. स्टिंग, अँडी समर्स आणि स्ट्युअर्ट कोपलंड, बस तिघेच.

लंडनमध्ये जमलेला हा बँड १९८३ च्या 'सिंक्रोनिसिटी' अल्बमनंतर ऐन भरात असताना विखुरला. तिघांचं एकमेकांशी कधीच धड पटलं नाही. २००७ मध्ये ते पुन्हा दौऱ्यावर निघाले आणि व्हँकुव्हरच्या दुसऱ्याच कार्यक्रमात पहिल्याच गाण्याला एकमेकांपासून अर्धा बार पुढेमागे झाले. हे आपल्याला कळलं, कारण खुद्द कोपलंडनेच ते सगळं जाहीर लिहून टाकलं! आमच्या ऑफिसात स्वतःच्या टीमचा बग असा चव्हाट्यावर मांडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

'सर्टिफायेबल'चं रेकॉर्डिंग त्यानंतर सहा महिन्यांनी, १ आणि २ डिसेंबरला ब्युनोस आयर्सच्या रिव्हर प्लेट स्टेडियमवर झालं. सुरुवात त्याच गाण्याने, 'मेसेज इन अ बॉटल'. या वेळी तिघे नेमके समेवर. स्टिंग तेव्हा ५६ वर्षांचा होता आणि काही गाण्यांची पट्टी उतरवलेली आहे. माझे बाबा नाट्यसंगीताचे, हे ऐकून म्हणाले, "शहाणा आहे. आमच्यातले कित्येक जण हट्टाने वरच गात राहतात." ज्यांनी तबल्याचा क्लास केलाय त्यांनी 'रॅप्ड अराउंड युअर फिंगर' जरूर ऐकावं. कोपलंड आधी मागच्या घंटा, झांजा वाजवत उभा असतो आणि मग धावत येऊन ड्रमवर बसतो.

आणि गर्दी! नुसत्या गिटारच्या सुरावटीसुद्धा लोक गातात. या शहराशी बँडचं नातं जुनं आहे. १९८० च्या मार्चमध्ये हे तिघे मुंबईत वाजवून गेले (तुमच्या घरात कुणी तो कार्यक्रम पाहिला असेल तर कळवा!) आणि त्याच डिसेंबरात ब्युनोस आयर्सला पोहोचले. तिथे लष्करी राजवट होती. पुढे आलेल्या एका मुलीशी दांडगाई करणाऱ्या पोलिसाला समर्सने स्टेजवरून लाथ हाणली. 'पोलीस'ने पोलिसाला! १९८८ मध्ये याच रिव्हर प्लेटवर मानवी हक्कांसाठीच्या कार्यक्रमात स्टिंग गात असताना, त्या राजवटीत बेपत्ता झालेल्या मुलांच्या आया स्टेजवर आल्या होत्या. हे ठाऊक असलं की २००७ च्या त्या गर्दीचा आवाज वेगळा ऐकू येतो.

अल्बमसोबत 'बेटर दॅन थेरपी' नावाची छोटी फिल्म आहे, कोपलंडच्या मुलाने केलेली. तालमीतल्या कुरबुरी त्यात पाहायला मिळतात. ७ ऑगस्ट २००८ ला न्यूयॉर्कमध्ये दौरा संपला. नोव्हेंबरमध्ये हा अल्बम दुकानांत आला, तेव्हा तिघे पुन्हा आपापल्या वाटेने गेलेले होते.