तलफ, मेंदू आणि गुन्हा

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, शहरापासून सुमारे दहा-बारा किलोमीटरवर नांदगाव पेठ हे गाव वसले आहे. पूर्वी सहा क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा हा मार्ग आता त्रेपन्न क्रमांकाचा झाला. गावालगत औद्योगिक वसाहत उभी राहिली, रोजगार आला, मालमोटारींची वर्दळ वाढली. अशा गावी महामार्गावरचा ढाबा, पानठेला आणि पगाराचा दिवस या नित्याच्या गोष्टी होत. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून, दारूचा थेंबही न घेता घरी परतलेला माणूस याच गोष्टींमध्ये येऊन पडतो आणि पुष्कळदा काही आठवड्यांतच पुन्हा पिऊ लागतो. गाव त्याला ‘मनाचा कच्चा’ ठरवून मोकळे होते. मेंदूविज्ञानाने गेल्या सत्तर वर्षांत जे शोधून काढले आहे, ते पाहता हा निर्णय घाईचा ठरतो.

१९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूच्या विशिष्ट भागात बारीक तार बसविली. दांडी दाबली की त्या भागास विजेचा सौम्य स्पर्श होई. उंदीर ती दांडी पुन्हा पुन्हा, तासन् तास दाबीत राहिले. सुखाची व प्रेरणेची यंत्रणा मेंदूत ठरावीक ठिकाणी आहे, हे यावरून दिसून आले. डोपामिन हे द्रव्य या यंत्रणेचा संदेशवाहक होय.

पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहेत. माकडाला अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उत्तेजित होत. परंतु रसापूर्वी दरवेळी दिवा लावला जाऊ लागताच काही काळाने त्या पेशी रसाला नव्हे, तर दिव्याला प्रतिसाद देऊ लागल्या. म्हणजे वस्तूपेक्षा वस्तूची चाहूल प्रबळ ठरली. तलफ म्हणतात ती येथूनच उद्भवते. दारू पिणाऱ्याच्या बाबतीत त्या दिव्याची जागा दुकानाची पाटी, सोबती, हातात पडलेली मजुरी किंवा नुसती दिवेलागणीची वेळ घेते. केंद्राच्या चार भिंतींत यांपैकी काहीच नसते, म्हणून तेथे माणूस शांत राहतो. गावात पाऊल टाकताच सर्व खुणा एकदम जाग्या होतात.

या ओढीला आवर घालण्याचे काम मेंदूच्या कपाळामागील भागाकडे असते. दीर्घकाळच्या मद्यपानाने नेमका तोच भाग दुबळा होतो. ओढणारा बैल माजलेला आणि कासरा झिजलेला, अशी ही अवस्था असते. हा भाग पूर्ण परिपक्व होण्यास वयाची पंचविशी उजाडावी लागते, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. आठवी-नववीतील मुलगा गंमत म्हणून खर्रा तोंडात टाकतो, तेव्हा त्याचा कासरा अजून वळला जात असतो. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे.

परिस्थिती बदलली तर व्यसन सुटते काय, याचे उत्तर एका अनपेक्षित घटनेने दिले. व्हिएतनाम युद्धात असंख्य अमेरिकन सैनिक हेरॉईनच्या आहारी गेले होते. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा ली रॉबिन्स यांनी केला, तेव्हा तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी फारच थोडे मायदेशी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झाल्याचे आढळले. खुणा मागे, परमुलखात राहिल्या होत्या. नांदगाव पेठच्या कामगाराला मात्र मुलूख बदलता येत नाही. त्याच्यासाठी गावालाच बदलावे लागते.

वऱ्हाडाला ही कल्पना नवी नाही. याच महामार्गावर पुढे मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि गावोगाव सामुदायिक प्रार्थनेचा प्रघात पाडला. मेंदूविज्ञानाच्या दृष्टीने पाहता, ही प्रार्थना सायंकाळी होते याला मोठा अर्थ आहे. तलफेची घटिका रिकामी राहत नाही आणि सोबतीही बदलतात. भजन, व्यायामशाळा, कबड्डीचे मैदान यांपैकी काहीही त्या वेळी चालू असले तरी हेच साधते. खुणा दूर करण्याचा कायदेशीर मार्गही उपलब्ध आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातील महिलांच्या मतदानाने परवानाप्राप्त दारू दुकान बंद करता येते. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणून हे मतदान सर्वपरिचित आहे. हातभट्टीचा प्रश्न मात्र या मतदानाने सुटत नाही. तेथे पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचीच कारवाई हवी.

मद्यपान आणि गुन्हा यांचा संबंध उघड आहे. आवर सुटलेला हात घरातील स्त्रीवर उठतो. तलफ भागविण्यासाठी भांडी गहाण पडतात, पुढे चोरीही घडते. तथापि मेंदूत बदल झाला म्हणून जबाबदारी संपली, असे कायदा मानीत नाही. स्वेच्छेने केलेल्या नशेचा बचाव भारतीय न्याय संहितेच्या कलम २३ व २४ अन्वये मिळत नाही. त्याचबरोबर कायदा उपचाराचे दारही उघडे ठेवतो. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ नुसार, अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ‘गुन्हेगाराचा मेंदू’ हा शब्दप्रयोग जपून केला पाहिजे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, तरी चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या बेड्याकडे बोट दाखविण्याची सवय विदर्भात अद्याप गेलेली नाही. व्यसनाचे बदल कोणत्याही घरातील मेंदूत घडतात. गुन्ह्याची जात सांगणारी कोणतीही खूण विज्ञानाला मेंदूत सापडलेली नाही.

पंचायत सदस्य व पोलीस पाटील यांनी एक धोका मात्र नीट समजून घ्यावा, कारण तेथे प्राण जाऊ शकतो. दारू मेंदूला गुंगवते. रोजच्या दारूशी जुळवून घेण्यासाठी मेंदू स्वतःला सतत ताणलेल्या अवस्थेत ठेवतो. दारू एकाएकी तुटली की तो ताण मोकळा सुटतो. हात कापतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस भ्रमात जातो, भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलतो. गावात याला ‘बाहेरचे’ समजून मांत्रिकाकडे नेले जाते. कोठडीत हा प्रकार घडला तर ढोंग समजले जाते. वस्तुतः ही रुग्णालयात तातडीने नेण्याची अवस्था आहे. अटकेनंतर वैद्यकीय तपासणीची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. त्या वेळी रोजच्या मद्यपानाची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. गावाने दारूबंदी केली त्या आठवड्यातही जुन्या पिणाऱ्यांची नावे आरोग्य केंद्राकडे आधीच गेलेली असावीत.

‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींच्या पुड्या अनेक घरांत भाजीत कालविल्या जातात. पुडीत डायसल्फिराम हे औषध असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर उलट्या, धडधड सुरू होऊन रक्तदाब एकदम उतरतो. प्रसंगी मृत्यूही ओढवतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. जवळच्या उपचारकेंद्राची माहिती केंद्र शासनाच्या १४४४६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर मिळते.