निर्वात पोकळी खरोखर रिकामी असते का?

डब्यातली हवा, धूळ, उष्णता, प्रकाश असे सगळे काढून टाकले तर आत काय उरेल? आपण म्हणू, काहीच नाही. भौतिकशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. अवकाशात सर्वत्र क्षेत्रे पसरलेली असतात. ती काढता येत नाहीत. फार तर सर्वांत कमी ऊर्जेच्या स्थितीला येतात. या स्थितीला निर्वात अवस्था म्हणतात. २०१२ मध्ये सर्न प्रयोगशाळेत सापडलेला हिग्ज कण अशाच एका क्षेत्राचा पुरावा आहे. निर्वातातही या क्षेत्राचे मूल्य शून्य नसते.

मात्र अशी अवस्था एकच असेल असे नाही. १९७६ मध्ये मद्रासला जन्मलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ टॉम किबल यांनी विचारले : तापलेले विश्व थंड होताना दूरदूरच्या भागांत वेगवेगळ्या निर्वात अवस्था आल्या, तर त्या जिथे भिडतील तिथे काय होईल? तिथे जुन्या अवस्थेची ऊर्जा अडकून राहील. यालाच टोपोलॉजिकल दोष म्हणतात. डोक्यावरचा भोवरा कितीही विंचरला तरी जात नाही, तसेच हे दोष सहज पुसले जात नाहीत. ते बिंदूसारखे, भिंतीसारखे किंवा लांब तंतूसारखे असू शकतात.

हे वैश्विक तंतू खरोखर आहेत का? २००३ मध्ये शेजारी शेजारी अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन दीर्घिकांची नोंद झाली. एकाच दीर्घिकेचा प्रकाश मधल्या तंतूमुळे दुभंगला असावा, असा दावा पुढे आला. २००६ मध्ये हबल दुर्बिणीने स्पष्ट छायाचित्र घेतले. त्या दोन वेगळ्या दीर्घिका निघाल्या. दावा तिथेच संपला.

शोध मात्र थांबलेला नाही. जून २०२३ मध्ये जगभरातील गटांनी पल्सार ताऱ्यांच्या निरीक्षणांतून अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले. त्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीची निरीक्षणेही होती. या लहरी महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांमुळे उठत असाव्यात, असे बहुतेकांना वाटते; पण वैश्विक तंतूंची शक्यताही तपासली जात आहे.

सिद्धांत कितीही सुंदर असो, कितीही मोठ्या माणसाने मांडलेला असो, निरीक्षणाच्या कसोटीवर उतरेपर्यंत तो शक्यताच राहतो. तरुणांनी विज्ञानाकडून आधी हे शिकावे. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. वस्तीतल्या मुलांना घेऊन एकदा जरूर जा.