हत्यार, आयुध आणि सहकार

चेन्नईतील टी. नगरात नवरात्राच्या नवमीला आयुधपूजा होते. शिंप्याचे यंत्र, सोनाराची हातोडी, दुकानातील तराजू, रिक्षा यांना त्या दिवशी चंदनकुंकू लावून फुले वाहतात. आपल्या खंडेनवमीचेच हे भावंड. परंतु तराजूला आयुध का म्हणावे? ही शंका वरवर शब्दापुरती दिसते. ती आद्य मानवी समाजाच्या घडणीपर्यंत पोहोचते.

टी. नगरच्या दक्षिणेस काही मैलांवरील पल्लावरम येथे भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी मानवाने घडविलेला दगड सापडला आणि भारतीय अश्मयुगाच्या अभ्यासाला चालना मिळाली. त्याच वर्षी उजेडात आलेल्या, शहराच्या वायव्येकडील अत्तिरम्पाक्कम या स्थळाचे प्राचीनत्व सुमारे १५ लाख वर्षे असल्याचे शांती पप्पू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखविले. तेथील हातकुऱ्हाडींना मराठीत आपण 'दगडी हत्यारे' वा 'अश्मायुधे' म्हणतो. 'हत्यार' म्हणताच कानाला 'हत्या' ऐकू येते, आणि आदिमानव म्हणजे एकाकी, हिंस्र शिकारी ही समजूत दृढ होते. वस्तुतः या शब्दाचे नाते हाताशी आहे. सुताराची हत्यारे, न्हाव्याची हत्यारे या प्रयोगांत तो अर्थ आजही नांदतो.

हातकुऱ्हाड घडविणे सोपे नव्हे. योग्य दगड पारखावा लागतो, घावाचा कोन साधावा लागतो. एक घाव चुकला तर सारे श्रम वाया जातात. हे ज्ञान कोणी जन्मतः घेऊन येत नाही. शिकणाऱ्याला पाहण्यासाठी दुसऱ्याचा हात हवा, आणि चुका करण्यास अवसर हवा. दगड सांगतो त्याहून अधिक त्याच्या तोंडी घालू नये, हे खरे. परंतु एकच घाट असंख्य पिढ्या टिकतो, तो सहवासावाचून कसा टिकेल?

सहकाराचा अधिक स्पष्ट पुरावा पाहावयाचा, तर पुष्कळ अलीकडे, शेतीच्या काळात यावे लागते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील त्या वस्तीत पाण्याचा पाट आणि दगडी बांध आढळला. असे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हे. तेथेच धान्यकोठाराला लागून पाच खोल्यांचे घर मिळाले. ते गावच्या प्रमुखाचे असावे, असे संशोधक मानतात. म्हणजे श्रम सर्वांचे, पण कोठाराचे सान्निध्य एकाला! तंत्राने माणसे एकत्र आणली आणि त्याच एकत्रपणातून अधिकारही उपजला.

म्हणून भाषांतरकाराने शब्द जपून योजावा. लढाईचा पुरावा असेल तेथे 'आयुध' शोभेल. अत्तिरम्पाक्कमच्या दगडाला मी 'अवजार' म्हणेन. आणि तराजूवर फूल वाहणाऱ्या दुकानदाराला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. आयुध म्हणजे ज्यावर घर चालते ते, हे तो जाणून आहे.